छत सरदारांचं, भिंती कैद्यांच्या

पालेर्मोच्या पियाझ्झा मारिना या चौकात १ जून १३९२ रोजी आंद्रेआ क्यारामोंतेचा शिरच्छेद झाला. जागा विचार करून निवडली होती. ज्या वाड्याच्या जोरावर क्यारामोंते घराणं या शहरावर हुकूम चालवत होतं, त्याच वाड्यासमोर त्या घराण्याचा शेवटचा मोठा माणूस मारला, की शहराला वेगळी दवंडी पिटावी लागत नाही. घराण्याची मालमत्ता जप्त झाली, जहागिरी वाटल्या गेल्या, वाडा राजाच्या ताब्यात गेला. तो वाडा आजही उभा आहे. पालेर्मोचे लोक त्याला नुसतं ‘स्तेरी’ म्हणतात.

सिसिलीला जाणारा प्रवासी बहुधा नॉर्मन राजांचं वैभव बघायला जातो. राजवाड्यातलं कापेला पालातिना हे प्रार्थनाघर, मोन्रेआलेचं कॅथेड्रल, सोनेरी मोझॅकनी झळाळणाऱ्या भिंती. ते सगळं बघावंच. पण पालेर्मोत एकच इमारत बघण्याइतका वेळ असेल तर कोणती, असं कुणी मला विचारलं तर मी स्तेरीचं नाव घेईन. इथे सोनं नाही. एका सरदाराने पैसे मोजून रंगवून घेतलेलं लाकडी छत आहे, आणि त्याच आवारात, काही पावलांवर, ज्यांच्याकडे रंगसुद्धा नव्हता अशा माणसांनी रंगवलेल्या तुरुंगाच्या भिंती आहेत. मधे जेमतेम अडीचशे-तीनशे वर्षांचं अंतर. युरोपातल्या सरदारी वास्तूंमध्ये ही दोन्ही टोकं इतक्या जवळ मला दुसरीकडे कुठे पाहायला मिळाली नाहीत.

वाडा आहे समुद्राजवळ, काल्सा नावाच्या जुन्या मोहल्ल्याच्या कडेला. पियाझ्झा मारिना म्हणजे एके काळी गाळाने भरत गेलेली बंदराची खाडी. ‘काला’ हे जुनं बंदर इथून हाकेच्या अंतरावर आहे आणि संध्याकाळी खारा वारा थेट चौकात येतो. चौकाच्या मधोमध एकोणिसाव्या शतकात आखलेली बाग आहे, आणि बागेत एक अवाढव्य झाड. त्याच्या फांद्यांवरून पारंब्या सुटलेल्या, खाली टेकून त्यांचेच खोडासारखे खांब झालेले. आपल्या वडाच्या कुळातलंच, पण मूळचं ऑस्ट्रेलियातलं. सिसिलीच्या उन्हात ते असं रुजलंय की आता ते या चौकाचा जुना रहिवासी वाटतं. त्याच्या सावलीत बसून समोर पाहिलं की स्तेरीचा दर्शनी भाग पूर्ण दिसतो.

पहिल्या नजरेला तो किल्ल्याच्या बुरुजासारखाच वाटतो. पिवळसर दगडाचा एक मोठा चौकोनी ठोकळा. तळमजला जवळजवळ बंद, जाड आणि अबोल. वरच्या मजल्यांवर नजर गेली की मात्र सूर बदलतो. नाजूक खांबांवर पेललेल्या जोडकमानींच्या खिडक्या, त्यांच्यावर टोकदार महिरपी, आणि त्या महिरपींत काळ्या लाव्हा दगडाचं जडावकाम. सिसिलीत एटना ज्वालामुखीचा काळा दगड मुबलक. फिक्या चुनखडी दगडात तो बसवून नागमोडी पट्टे काढलेले आहेत. हीच रीत या घराण्याने आणि त्याच्या बरोबरीच्या सरदारांनी बेटभर उचलली, इतकी की सिसिलीतल्या चौदाव्या शतकाच्या बांधकामाला अभ्यासक आजही ‘क्यारामोंतानो’ शैली म्हणतात. राजाच्या नावाने शैली ओळखली जाणं नेहमीचं. सरदाराच्या नावाने ओळखली जाते, तेव्हा त्या काळी बेटावर खरा जोर कुणाचा होता हे वेगळं विचारायला नको.

तो जोर आला कुठून, हे कळल्याशिवाय वाडा कळत नाही. १२८२ मध्ये सिसिलीतल्या लोकांनी फ्रेंच आंजू घराण्याविरुद्ध उठाव केला आणि आरागॉनच्या राजाला बोलावलं. पुढे वीस वर्षं युद्ध चाललं. १३०२ मध्ये काल्ताबेल्लोत्ता इथे तह झाला तेव्हा बेट स्वतंत्र राज्य म्हणून उरलं, पण राजा दमलेला आणि सरदार पुष्ट. अशा वेळी, १३०७ च्या सुमारास, मोदिकाचा काउंट मानफ्रेदी क्यारामोंते याने या वाड्याचं काम काढलं. राजाचा वाडा शहराच्या वरच्या टोकाला, टेकाडावर. क्यारामोंतेचा वाडा खालच्या टोकाला, बंदराच्या तोंडावर, जिथून गहू जहाजांत चढतो आणि पैसा शहरात उतरतो. शहराचा नकाशा हातात घेऊन ही दोन ठिकाणं पाहिली की पुढच्या शंभर वर्षांचं राजकारण समोर उभं राहतं.

चुरस सरदारांची आपापसांतही होती. मानफ्रेदीचा मेहुणा मात्तेओ स्क्लाफानी याने १३३० मध्ये राजवाड्याजवळ आपला वाडा बांधला. क्यारामोंतेपेक्षा देखणा वाडा वर्षाच्या आत उभा करून दाखवतो, या ईर्ष्येने त्याने तो बांधला, अशी दंतकथा पालेर्मोत सांगतात. तीही इमारत आज आहे, आणि तिथून निघालेल्या एका चित्राकडे मला पुढे यायचंच आहे.

स्तेरीत एकट्याने भटकता येत नाही. मार्गदर्शकाबरोबर छोट्या गटाने जावं लागतं. मला ते बरंच वाटलं, कारण आमच्याबरोबरची तरुण मुलगी स्वतःच्या घराबद्दल बोलावं तशी बोलत होती. दारातून आत गेलं की मधे चौक, भोवती कमानींच्या ओवऱ्या. बाहेरून बंद आणि आतून मोकळं, सगळा उजेड आणि वारा चौकातून घेणारं घर. आपल्याकडच्या वाड्यांत वाढलेल्या माणसाला इथे वाट विचारावी लागत नाही.

पहिल्या मजल्यावर साला माग्ना, म्हणजे मोठा दिवाणखाना. आत शिरल्यावर भिंतींकडे कुणी बघतच नाही. वर कडीपाटाचं छत आहे, लांबच लांब तुळयांचं, आणि त्यातली वीतभर जागाही कोरी सोडलेली नाही. तुळयांच्या तिन्ही बाजू, मधल्या फळ्या, आधाराचे लाकडी ठोकळे, सगळं रंगवलेलं. लाल, निळा, पांढरा, गेरू. काही भाग झिजलेत, काही ठिकाणी लाकूडच उघडं पडलंय, पण एकूण छत अजून बोलतं.

काय नाही त्यात! पॅरिसने केलेला तीन देवींचा निवाडा, हेलनचं हरण, ट्रॉयचं युद्ध. ट्रिस्टन आणि इसोल्ड. बायबलमधला शलमोन राजा, न्हाताना म्हाताऱ्यांनी चोरून पाहिलेली सुझाना. घोडेस्वार, शिकारी, बुद्धिबळाच्या पटावर वाकलेली माणसं, झाडांमागे लपलेली जनावरं. मधून मधून सरदारांच्या ढाली, आणि त्यांत पुन्हा पुन्हा येणारं क्यारामोंतेंचं चिन्ह: लाल जमिनीवर पाच शिखरांचा चंदेरी डोंगर. कथा फ्रेंच आणि लॅटिन, पण लाकडावर नक्षी भरण्याची, रिकामी जागा न सोडण्याची सवय अरबी कारागिरांकडून आलेली. दोनेक शतकं आधी कापेला पालातिनाचं छत अशाच हातांनी रंगवलं होतं. नॉर्मन गेले, मुसलमान वस्ती बेटावरून हुसकली गेली, तरी हाताची सवय सुतार-चिताऱ्यांच्या आळीत टिकून राहिली.

या चिताऱ्यांची नावंही आपल्याला माहीत आहेत, आणि मध्ययुगात ही काही सोपी गोष्ट नव्हे: चेक्को दी नारो, सिमोने दा कोर्लेओने आणि पेल्लेग्रीनो दारेना. कोर्लेओने हे गाव जगाला एका सिनेमामुळे वेगळ्याच कारणासाठी ठाऊक झालं; सहाशे वर्षांपूर्वी तिथला एक चितारी इथे परांचीवर चढून, मान मागे टाकून, हेलनच्या ओठांना रंग लावत होता, हे कळल्यावर मला त्या गावासाठी फार बरं वाटलं.

छताचं काम १३७७ ते १३८० या काळात झालं. तारखा नीट पाहाव्यात. १३७७ मध्येच राजा फ्रेडरिक चौथा वारला. मागे एक अल्पवयीन मुलगी उरली, मारिया. राज्य चार सरदारांनी वाटून घेतलं आणि स्वतःला प्रतिनिधी म्हणवून घेतलं. त्या चौघांपैकी एक होता मानफ्रेदी तिसरा क्यारामोंते, या छताचा मालक. म्हणजे राजा गेला त्याच वर्षी याने चितारी बोलावले. हा दिवाणखाना घरच्या मेजवान्यांसाठी नव्हताच. इथे बेटाचे सरदार आणि परदेशाचे वकील येऊन बसणार, आणि मान वर केली की प्रत्येकाला आपापल्या कुळाच्या ढाली यजमानाच्या डोंगराच्या आसपास मांडलेल्या दिसणार. मला हे छत म्हणजे रंगवलेला दरबार वाटतो. आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. १३७९ मध्ये, चितारी अजून परांचीवर असताना, मारिया राणीला कातानियाच्या किल्ल्यातून एका प्रतिस्पर्धी सरदाराने पळवून नेलं. छतावर हेलनचं हरण रंगत होतं आणि खाली त्याच दिवाणखान्यात राणीच्या हरणाची बातमी आली असेल. चितारी तेव्हा त्याच तुळईवर होते की नाही ते महत्त्वाचं नाही. ज्या समाजाला ही गोष्ट छतावर हवीशी वाटत होती, तो ती गोष्ट जगतही होता.

मानफ्रेदीच्या शेवटच्या वर्षांत त्याचा पल्ला बेटाबाहेर गेला. १३८८ मध्ये त्याने जिनोवा आणि पिसाची जहाजं बरोबर घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं जेर्बा बेट जिंकलं. मुलगी कोन्स्तान्झा नेपल्सच्या लादिस्लाव राजाला दिली. मुस्सोमेली इथे, उभ्या कड्यावर, त्याने बांधलेला किल्ला आजही पाहणाऱ्याला दचकवतो. १३९१ मध्ये तो मेला आणि वर्षभरात डोलारा कोसळला. पळवलेली राणी आरागॉनच्या राजपुत्राशी, मार्तिनशी लग्न करून फौजेसह परतली. आंद्रेआ क्यारामोंतेने पालेर्मोचे दरवाजे लावून घेतले, वेढा सोसला, अखेर शरण आला. पुढचं वर सांगितलंच. त्याच वर्षी नेपल्सच्या राजाने कोन्स्तान्झाला टाकून दिलं. माहेरची सत्ता गेली तशी तिची गरजही संपली. या सगळ्या कथेत मला सर्वांत जास्त वाईट वाटतं ते या मुलीचं.

म्हणजे हिशेब केला तर वाडा या घराण्याकडे एका दीर्घायुषी माणसाच्या आयुष्याइतकाच काळ राहिला. नंतर तिथे राजे उतरले, स्पेनचे व्हाइसरॉय राहिले, जकातीचं ठाणं बसलं. आणि १६०० च्या आसपास आलं पवित्र न्यायालय, इन्क्विझिशन. ते १७८२ पर्यंत हललं नाही. क्यारामोंतेंच्या दुप्पट काळ.

इन्क्विझिशनने आवारात नवे तुरुंग बांधले. ती इमारत वेगळी, अरुंद, दोन मजल्यांवर कोठड्या. इथे कोण होते? देवाचं नाव घेऊन शिवी दिली म्हणून आणलेले कोळी, जडीबुटी देणाऱ्या बायका, ज्यूंच्या वंशातले म्हणून संशयित, उत्तरेकडून आलेले प्रॉटेस्टंट खलाशी, मुसलमान गुलाम, आणि कितीतरी भिक्षू व पाद्री. दिएगो ला मातिना हा राकालमुतो गावचा ऑगस्टिनियन भिक्षू त्यांतलाच. १६५७ मध्ये याच तुरुंगात त्याने हातातल्या बेड्यांनी न्यायाधीश हुआन लोपेझ दे सिस्नेरोसवर हल्ला केला आणि त्यात तो न्यायाधीश मेला. पुढच्या वर्षी दिएगोला जिवंत जाळलं. त्याच गावच्या लेओनार्दो शाशा या लेखकाने १९६४ मध्ये त्याच्यावर एक छोटं, जळजळीत पुस्तक लिहिलं. तीन शतकांनी गावकऱ्याने गावकऱ्याची बाजू मांडली.

न्यायालय बंद केलं ते दोमेनिको काराच्चोलो या सुधारक व्हाइसरॉयने, १७८२ मध्ये. पुढल्या वर्षी दफ्तर जाळलं. खटले, कबुल्या, खबऱ्यांची नावं, सगळं राख. खबऱ्यांचे वंशज तेव्हा शहरात प्रतिष्ठित म्हणून वावरत असणार. आग कुणाच्या सोयीची होती हे उघड आहे. कागद गेल्यावर कैदीही नाहीसे झाले असंच सगळ्यांनी धरलं.

१९०६ मध्ये जुझेप्पे पित्रे इथे आला. सिसिलीच्या लोककथा, म्हणी, गाणी, औषधं आयुष्यभर गोळा करणारा हा डॉक्टर. कोठड्यांच्या भिंतींवरचा गिलावा एका ठिकाणी सुटला होता आणि आत रेषा दिसत होत्या. त्याने गिलाव्याचे थर खरवडायला घेतले. आतून बाहेर आले संत, मेरी, क्रूस, जहाजं, सिसिलीचा नकाशा, आणि सिसिलियन बोलीतल्या कविता. आयुष्यभर खेडोपाडी फिरून ज्यांचे शब्द त्याने टिपले, त्याच लोकांच्या पणजोबांनी लिहिलेलं भिंतीच्या पोटात त्याला सापडलं. मला वाटतं, तिथे दुसरा कुणी असता तर त्याने पुन्हा चुना मारला असता. अलीकडच्या दुरुस्तीत तळमजल्याच्या कोठड्यांतही आणखी चित्रं उघडी झाली.

मी त्या कोठड्यांत जितका वेळ देता येईल तितका दिला. एका भिंतीवर एका राक्षसी माशाचा जबडा आ वासून उघडा आहे आणि त्यातून आदिपुरुष एकामागून एक बाहेर येत आहेत. ख्रिस्त पाताळात जाऊन त्यांना सोडवतो तो प्रसंग. कोंडलेल्या माणसाने सुटकेची हीच गोष्ट निवडावी, याला कुठलंही स्पष्टीकरण लागत नाही. रंग आले कुठून, असं मी विचारलं. फरशीच्या विटा घासून लाल-तपकिरी रंग करायचा आणि दिव्याची काजळी काळ्यासाठी, असं उत्तर मिळालं. म्हणूनच सगळ्या भिंतींवर विटकरी आणि काळा हेच दोन रंग आहेत. दिवाणखान्यात निळा रंग मुबलक आहे. इथे निळा औषधालाही नाही.

एक फरक मी पुन्हा पुन्हा पाहत राहिले. छतावरच्या चित्रांत माणसं एकमेकांकडे बघतात: प्रेमिक, योद्धे, राजा आणि दरबार. कोठडीतले संत सरळ समोर, बघणाऱ्याकडे बघतात. ते सजावटीसाठी काढलेलेच नाहीत. त्यांच्यापुढे गुडघे टेकायचे होते. पाखंडी ठरवून कोंडलेल्या माणसांनी आपापल्या कोठडीचं प्रार्थनाघर केलं होतं. ज्या न्यायालयाने त्यांच्या श्रद्धेवर शंका घेतली, त्या न्यायालयाचे कागद जळाले आणि श्रद्धेचा पुरावा भिंतीवर राहिला. मला हा इतिहासाने केलेला न्याय म्हणवत नाही, कारण ती माणसं परत येत नाहीत. पण पुरावा पुरावाच असतो.

गोव्याची आठवण इथे टाळता येत नाही. जुन्या गोव्यात आदिलशाहीचा वाडा होता. पोर्तुगीज त्याला सबाइयोचा वाडा म्हणत. १५१० मध्ये शहर घेतल्यावर तो पोर्तुगीज सत्तेच्या हाती गेला, व्हाइसरॉय तिथे राहिले, ते सोळाव्या शतकाच्या मध्याला दुसरीकडे हलले, आणि १५६० मध्ये त्याच इमारतीत इन्क्विझिशन आलं. आधी सरदार, मग व्हाइसरॉय, मग इन्क्विझिशन: दोन वाड्यांची कुंडली अशी जुळते. गोव्यातलं न्यायालय मधला थोडा काळ सोडता १८१२ पर्यंत चाललं. तिथेही दफ्तराचा मोठा भाग नष्ट झाला. पण गोव्यात इमारतही उरली नाही. से कॅथेड्रलच्या परिसरात आज उभं राहिलं तर त्या वाड्याचा चिराही ओळखू येत नाही. आतल्या कोठड्या कशा होत्या हे कळतं ते शार्ल देलाँ या फ्रेंच डॉक्टरमुळे. तो तिथे कैदेत होता आणि सुटून गेल्यावर १६८७ मध्ये त्याने सगळं छापलं. आणि अ. का. प्रियोळकरांमुळे, ज्यांनी १९६१ मध्ये उपलब्ध कागद जमवून या न्यायालयाचा इतिहास मांडला. गोव्यातल्या कैद्यांनी भिंतींवर काही काढलं असेल का? काढलं असेल तर ते दगडांबरोबर गेलं. पालेर्मोत मला हेवा वाटला तो याचा. छताचा मुळीच नाही.

स्तेरी वाचला त्याचं एक कारण असं की तो कधी रिकामा पडला नाही. इन्क्विझिशननंतर इथे जकात आणि न्यायालयाच्या कचेऱ्या होत्या. गेल्या शतकात वाडा पालेर्मो विद्यापीठाकडे आला आणि सत्तरच्या दशकात कार्लो स्कार्पा आणि रोबेर्तो कालांद्रा या वास्तुरचनाकारांनी त्याची दुरुस्ती केली. स्कार्पाची पद्धत मला मनापासून पटते. जिथे जुनं हरवलंय तिथे जुन्याचं सोंग आणायचं नाही; नवं ते नवंच दिसू द्यायचं, पण हात तितकाच कसबी हवा. आज इथे कुलगुरूंचं कार्यालय आहे. आवारातच रेनातो गुत्तूझोचं ‘वुच्चिरीया’ हे १९७४ मधलं भलंमोठं चित्रही आहे: जवळच्या बाजाराचं, लटकणारं मांस, तलवारमासा, संत्री, आणि गर्दीतून वाट काढणारी माणसं. कोठड्यांतून थेट त्याच्यासमोर आल्यावर इतका रंग डोळ्यांना सोसेना. मी थोडा वेळ बाहेर जाऊन आले.

शक्य असेल तर त्याच दिवशी तिथून चालत पालात्सो आबातेल्लिसला जावं. तेही जुनं सरदारी घर, आता संग्रहालय, आणि त्याचीही मांडणी स्कार्पाचीच, १९५३-५४ मधली. तिथे ‘मृत्यूचा विजय’ हे पंधराव्या शतकातलं भित्तिचित्र आहे. मूळचं ते स्क्लाफानीच्या वाड्यात होतं. तो वाडा पुढे रुग्णालय झाला होता. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बवर्षावानंतर ते भिंतीवरून उतरवून इथे आणलं. हाडांच्या घोड्यावर बसलेला मृत्यू बाण सोडतो आहे. बाण लागलेत ते बिशपांना, राजांना, रेशमी कपड्यांतल्या तरुण-तरुणींना. बाजूला उभे असलेले लंगडे-भिकारी हात पसरून आम्हालाही ने म्हणताहेत आणि तो त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही. डावीकडच्या गर्दीत दोन माणसं या सगळ्यापासून अलिप्त, थेट बाहेर बघत उभी आहेत. एकाच्या हातात कुंचला आहे. तो चित्र काढणारा, दुसरा त्याचा मदतनीस, असं मानतात. स्तेरीच्या छताखालच्या तिघांची नावं आपण घेऊ शकतो. या माणसाचं नाव अभ्यासक अजून शोधताहेत.